पाचशे लिटर पाणी आणि एक जुनी फोर बाय फोर

१००० लिटर पाण्याचे वजन १००० किलो भरते, हे शाळेत पाठ केलेले वाक्य मला वयाच्या ५३व्या वर्षी, मुलुंडच्या घरात बसून जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडले. फोर्टमधल्या बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन वर्षातले निदान आठ महिने संगमेश्वर तालुक्यातल्या सासरच्या घरी राहायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. ते घर देवरुखपासून फार लांब नाही. पण डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे दीड किलोमीटर जांभ्याची आणि तांबड्या मातीची गाडीवाट आहे, मध्ये एक पऱ्या म्हणजे ओढा आहे, आणि पऱ्यापलीकडे सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, जाणारा चढ असा आहे की पावसाळ्यात रिक्षावाले अलीकडेच हात जोडतात. सड्यावर हापूसची नवी कलमे लावलेली आहेत आणि पहिली तीन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. विहीर खाली, कलमे वर. पंप बसवून पाइप टाकावा हा सरळ उपाय आहे. परंतु पाइपाची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाते, आणि कोकणात या एका वाक्यानंतर पुढचे काही सांगावे लागत नाही.

तेव्हा गाडीकडून दोन कामे हवी होती. पावसात चढ चढणे आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचा ट्रेलर ओढणे. ही दोन्ही कामे एकच गाडी करू शकते. मात्र एका कामासाठी जे पाहायचे ते दुसऱ्यासाठी पुरत नाही, हे समजायला मला चार महिने लागले.

पहिला महिना मी सगळ्या मुंबईकरांप्रमाणे गाडीचे तोंड पाहण्यात घालवला. रंग कोणता, आतले सीट कसे, किती किलोमीटर चालली, मालक पहिला की दुसरा, एवढ्याच प्रश्नांवर माझी गाडी अडलेली होती. विक्रेतेही मला तेच दाखवत होते, आणि तांत्रिक काही विचारले की उत्तर माझ्या यजमानांकडे पाहून देत होते, ज्यांना गाडी चालवताच येत नाही. देवरुखच्या मिस्त्रीने मात्र फोनवर एकच प्रश्न विचारला, “ताई, गाडीत लो आहे का?” त्या प्रश्नाने माझी निम्मी यादी बाद झाली.

हा ‘लो’ काय प्रकार आहे ते जरा सविस्तर लिहिते, कारण फोर बाय फोर या नावाखाली बाजारात दोन निरनिराळ्या जातीच्या गाड्या विकल्या जातात. एका जातीत इंजिनाची ताकद गरजेप्रमाणे चारही चाकांना जाते, पण गिअरचे प्रमाण नेहमीचेच राहते. रेनॉ डस्टरची किंवा एक्सयूव्ही ५०० ची एडब्ल्यूडी आवृत्ती या जातीची. निसरड्या रस्त्यावरून घरी सुखरूप पोहोचायचे असेल तर या गाड्या उत्तम आहेत. दुसऱ्या जातीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा आणखी एक गिअरबॉक्स असतो, आणि त्यात ‘लो’ टाकला की चाकांचा वेग साधारण अडीच पट कमी होऊन त्याच प्रमाणात जोर वाढतो. गाडी चालत्या माणसापेक्षाही हळू चढते, आणि क्लच अर्धवट दाबून धरावा लागत नाही. ओझे ओढताना जोर कमी पडल्यामुळे गाडी क्वचितच अडते. बहुतेक वेळा ती अडते ती क्लच प्लेट जळाल्यामुळे. जड ट्रेलर लावून चढावर गाडी उठवायची म्हणजे साध्या पहिल्या गिअरमध्ये दोन-तीन सेकंद क्लच घासावाच लागतो, आणि हे दिवसातून सहा वेळा केले तर मोसम संपायच्या आत मिस्त्रीचे दर्शन ठरलेले. उतरतानाही लोचा पहिला गिअर गाडीला स्वतःच अडवून धरतो आणि ब्रेक तापत नाहीत. कोकणातल्या उतारावर ही गोष्ट चढण्याइतकीच महत्त्वाची आहे.

आता पाण्याच्या हिशेबाकडे येते. आमचा चढ मी यजमानांना उभे करून, दोरी आणि पाण्याची नळी घेऊन मोजला. सगळ्यात अवघड टप्प्यात पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जातो. एकास पाचच्या चढावर एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा गाडीला सतत मागे खेचत असतो. गाडी १७५० किलो, आम्ही दोघे, हजार लिटरची भरलेली टाकी आणि ती पेलणारा मजबूत ट्रेलर मिळून एकूण ३२०० किलोच्या पुढे जात होते. म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास ओढ केवळ उताराची, मऊ मातीत चाक रुतण्याची वेगळी. चांगली डिझेल गाडी लोमध्ये हे ओढेल. प्रश्न थांबण्याचा होता. आमच्या वाटेवर गुरे येतात, आणि अशा वेळी उतारावर मागचा १३५० किलोचा ट्रेलर गाडीला ढकलत असेल, तर गाडीचे ब्रेक स्वतःला आणि त्याला दोघांनाही थांबवतील याची खात्री मला देता येईना. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, त्यापुढे तो असावाच लागतो. आपल्याकडे गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेल्या ट्रेलरला ब्रेक असण्याची शक्यता धरूच नये.

दोन महिने मी मोठी गाडी शोधत होते, ती शोधाशोध या हिशेबानंतर थांबवली आणि टाकी लहान केली. ५०० लिटरची टाकी आणि २५० किलोचा ट्रेलर मिळून बरोबर ७५० किलो होतात. फेऱ्या दुप्पट होतील, पण निवृत्त माणसाकडे फेऱ्यांची कमतरता नसते. या एका निर्णयाने गाडीच्या खरेदीतले कित्येक लाख वाचले, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

टाकी लहान झाल्यावर उमेदवारांची यादी पुन्हा उघडली. मारुती जिप्सीवर माझा जीव होता, कारण ती १९८५ पासून २०१९ पर्यंत जवळजवळ त्याच तोंडवळ्याने विकली गेली आणि हजार किलोच्या आसपास वजनाची असल्यामुळे चिखलावरून अलगद निघून जाते. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सी पुण्याकडे पुष्कळ मिळतात. परंतु तिच्या १२९८ सीसी पेट्रोल इंजिनाचा पीळ (टॉर्क) सुमारे १०३ न्यूटन-मीटर, तोही वरच्या आरपीएमला मिळतो, आणि ७५० किलोचा ट्रेलर म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाचा तीन चतुर्थांश. शेपटाने कुत्र्याला हलवावे, तसे ते झाले असते. जिम्नीचेही थोड्याफार फरकाने हेच, शिवाय २०२३ मध्ये आलेली गाडी जुनी म्हणून स्वस्त मिळत नाही. टाटा सफारीची २.२ डायकॉर फोर बाय फोर मला मनापासून आवडली: १४० अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर पीळ, लांब आणि जड शरीर. ट्रेलर ओढण्यासाठी लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले जास्त अंतर, आणि वजन हे गुणच आहेत, कारण मागचा ट्रेलर डोलू लागला तर तशी गाडी त्याला बधत नाही. परंतु आमच्या वाटेवर दोन वळणे अशी आहेत की सफारीला प्रत्येक वेळी मागे-पुढे करावे लागले असते, आणि ट्रेलर लावून मागे घेणे ही कला मला अजूनही नीट जमत नाही. इसुझू व्ही-क्रॉस सव्वापाच मीटरहून लांब आहे. ती आमच्या पऱ्यात आडवी राहिली असती. फॉर्च्युनर दणकट आहे, पण तिची किंमत तिच्या कामाशी नव्हे तर तिच्या रुबाबाशी जोडलेली असते, आणि मला कलमांवर रुबाब करायचा नव्हता. फोर्सच्या गुरखाला पुढेमागे दोन्हीकडे आसाची दोन्ही चाके एकत्र जखडणारा डिफरन्शियल लॉक मिळतो, ही मोठीच गोष्ट. पण आमच्या मिस्त्रीच्या हाताखालून ती कधी गेलेली नव्हती.

शेवटचा मुद्दा मी सुरुवातीला हलका समजत होते. गावात राहणाऱ्या माणसाची गाडी कंपनी सांभाळत नाही, मिस्त्री सांभाळतो. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर कोणत्या गाडीचे ऑइल फिल्टर टांगलेले आहेत ते पाहावे आणि त्यातली गाडी घ्यावी. आमच्याकडे ती भिंत महिंद्राची होती. यात नवल काही नाही; स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विलीज जीपची जुळणी मुंबईत माझगावला सुरू झाली, आणि तेव्हापासून कोकणातल्या वाडीवाडीत ज्या गाडीला लोक नुसतेच ‘जीप’ म्हणतात तिचा वंश तोच आहे. स्कॉर्पिओ फोर बाय फोर आणि जुनी थार अशा दोनच गाड्या यादीत राहिल्या.

जुनी म्हणजे २०१० ते २०२० या काळात विकली गेलेली. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेली नवी थार सुखदायक आहे, हे मान्य करूनही मी ती टाळली, आणि कारण पैशाचे नव्हते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती स्वतःला साफ करते ती काजळी जाळून, आणि त्यासाठी गाडी काही वेळ हमरस्त्यावर सलग वेगाने चालवावी लागते. घर ते विहीर, विहीर ते सडा आणि आठवड्यातून एकदा देवरुखचा बाजार असे जिणे असलेल्या गाडीत ती गाळणी तुंबत राहते. मुंबईत रोज महामार्गावरून जाणाऱ्याने हा विचार करण्याचे कारण नाही. गावात मुक्काम करणाऱ्याने अवश्य करावा. जुन्या थारचे सीआरडीई डिझेल इंजिन २४९८ सीसीचे, १०५ अश्वशक्तीचे आणि १८०० आरपीएमलाच २४७ न्यूटन-मीटर पीळ देणारे आहे. मागे पाटे, चासी शिडीची, ट्रान्सफर केसला साधा हाताचा दांडा. व्हीलबेस २४३० मिलिमीटरचा असल्यामुळे मोठा ट्रेलर तिच्यामागे शोभला नसता. ७५० किलो चालणार होते.

डिझेल गाडीच्या वयाबद्दल एक खुलासा करते, कारण मला भेटलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाने “दहा वर्षांनी डिझेल बंद होते ना?” असे विचारले. दहा वर्षांचा तो नियम राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून आलेला असून दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्लीच्या त्या नियमामुळे तिकडच्या डिझेल फोर बाय फोर इकडे स्वस्तात येतात, आणि कोरड्या हवेत राहिल्यामुळे त्यांची चासी आपल्या समुद्राकाठच्या गाड्यांहून पुष्कळदा निरोगी असते. मीही एका गाडीवर मोहित झाले होते. परंतु दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते, महाराष्ट्राचा रस्ता कर पुन्हा भरावा लागतो, आणि दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळवणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे. बेरीज केल्यावर स्वस्ताई बरीचशी विरघळली.

पाहण्याच्या पहिल्याच दौऱ्यात पूर्व उपनगरातल्या एका विक्रेत्याकडे पांढरी स्कॉर्पिओ पाहिली. आतून चकचकीत, सुगंधी, किंमतही वाजवी. मुंबईत राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हापासून आपण सगळेच पाण्यात गेलेल्या गाड्यांविषयी सावध असतो, आणि दर पावसाळ्यात त्यांत भर पडते. मी सीटखाली हात घालून गालिचा उचलला तर खाली बोटाला वाळलेला बारीक गाळ लागला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ दिसली. सीटचे रूळ गंजलेले होते आणि त्यांवर तेल फासलेले होते. विक्रेता म्हणाला, “मॅडम, एसीचं पाणी असेल.” एसीच्या पाण्यात गाळ नसतो. फोर बाय फोर गाडी पाण्यात गेली तर आणखी एक हानी होते, जी आतून दिसत नाही. चालून तापलेला आस अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि हवा खेळण्यासाठी ठेवलेली नळी तुंबलेली वा तुटलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून डिफरन्शियलची, म्हणजे आसातल्या गिअरपेटीची, तेल भरायची बोल्ट उघडून तेल बोटावर घ्यावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर नमस्कार करून निघावे. त्या विक्रेत्याने बोल्ट उघडू दिली नाही, आणि माझ्या लेखी तेही उत्तरच होते.

दुसरी गाडी ठाण्याच्या एका हौशी तरुणाची थार होती. प्रचंड टायर, पुढे विंचसहित लोखंडी बंपर, छपरावर दिव्यांची माळ. मुलगा फार प्रामाणिक होता. कुठे कुठे ती उलटली तेही त्याने सांगितले. परंतु पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले आहेत, आणि मूळ रचनेपासून फारकत घेतलेल्या गाडीच्या नोंदणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे. कायद्याचे सोडले तरी मोठ्या टायरमुळे गिअरचे प्रमाण बिघडते, म्हणजे लोचा जो जोर विकत घ्यायचा त्यातला काही भाग टायरच खातात. अशा गाडीची किंमत तिच्यावर झालेल्या खर्चावरून सांगितली जाते. घेणाऱ्याने ती तिला पूर्वस्थितीत आणण्याच्या खर्चावरून ठरवावी.

शेवटी जी घेतली ती तिसरी. २०१४ ची थार, लाल रंगाची, अंधेरीतल्या एका कुटुंबाकडे पहिल्यापासून असलेली, ५२,००० किलोमीटर चाललेली. सगळे मूळचे. मालक कौतुकाने म्हणाले, “ताई, आम्ही फोर बाय फोर एकदाही वापरलेलं नाही.” त्यांना तो गाडीचा गुण वाटत होता, आणि मलाही दोन मिनिटे वाटला. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, “मग ती फोर बाय फोर आहे हे कशावरून?” मुंबईतल्या बहुसंख्य फोर बाय फोर गाड्यांचे दुखणे हेच आहे. दांडा वर्षानुवर्षे जागचा हललेला नसतो, ट्रान्सफर केसचे तेल कारखान्यातलेच असते, रबरी नळ्या कडक होऊन चिरा पडलेल्या असतात, आणि मालकाला यातले काहीही ठाऊक नसते, कारण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर या कशाचीच परीक्षा होत नाही.

परीक्षा डांबरी रस्त्यावर घेताही येत नाही. अशा गाडीत फोर बाय फोर टाकला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर तो फरक चाक किंचित घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर मात्र तो सगळा ताण गिअरांत साठतो आणि शेवटी काहीतरी मोडतो. म्हणून मालकांना विनंती करून गाडी घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका भरावाच्या ओल्या मैदानावर नेली. दांडा दोन्ही हातांनी ओढल्यावर पडला. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवाही लागला. मी मागची चाके मुद्दाम चिखलात उतरवली आणि यजमानांना बाहेर उभे करून पुढच्या चाकांवर लक्ष ठेवायला सांगितले. मागची चाके जागच्या जागी फिरत राहिली. पुढची हललीच नाहीत.

दिवा लागलेला, दांडा पडलेला, आणि गाडी दोनच चाकांवर! मालक खरोखर ओशाळले. फोनवरून मिस्त्रीने निदान केले की या थारमध्ये पुढच्या चाकांची जोडणी व्हॅक्यूमवर होते, आणि तिथली बोटभर जाडीची रबरी नळी चिरली असणार. मी गाडीखाली आडवी झाले तेव्हा ती नळी हातातच आली. दुरुस्ती किरकोळ होती. पण आतले काही वर्षानुवर्षे फिरलेले नाही हे नक्की झाल्यामुळे मी दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स यांचे तेल, सगळ्या सील आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस यांचा खर्च किमतीतून वजा मागितला आणि त्यांनी तो दिला. साडेपाच लाखांना व्यवहार ठरला.

बाकीची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका असे बजावून केली. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात उठते का, धूर निळा आहे की काळा, चालू इंजिनावर तेलाचे झाकण उघडले तर वाफेसारखा झोत येतो का, हे कोणीही सांगेल. चासीबद्दल मात्र आग्रहाने लिहिते. अंधेरी असो वा वरळी, समुद्राच्या वाऱ्यात दहा वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला खालून गंज असतोच. काही हौशी लोक तर गाडी अलिबाग-दापोलीच्या पुळणीवर पाण्यातून पळवतात आणि घरी येऊन वरून धुतात. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर कौतुक करू नये. मी लहान हातोडीने चासीवर ठिकठिकाणी टकटक केली. शाबूत पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे ट्रेलरचा हूक बसणार, ते मागचे आडवे तुकडे दोनदा तपासले. पाचही टायर एकाच मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे आहेत का तेही पाहिले, कारण फोर बाय फोरमध्ये टायरच्या घेराचा फरक डांबरी वळणासारखाच ताण निर्माण करतो. टायरवरच्या अंडाकृती शिक्क्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. माझ्या स्टेपनीवर २३१४ होते, म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यापासून ती जमिनीला टेकलेली नव्हती.

कागदपत्रांत बँकेची सवय कामी आली. चासी नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहिला, वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि ई-चलन तपासले. बोजा कागदोपत्री अजून उभा होता. कर्ज केव्हाच फिटलेले, पण बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत कधी दिलेलाच नव्हता. तो उतरल्याशिवाय मी पूर्ण रक्कम दिली नाही. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या समोर घेतल्या. विम्याचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, हे विसरून कोणी विक्रेता तोही किमतीत धरू लागला तर हसून नकार द्यावा.

ट्रेलर देवरुखला करून घेतला. हूक बंपरला न जोडता थेट चासीला जोडला, आणि टाकी ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे बसवली, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो. फॅब्रिकेटरला टाकी बरोबर मध्यावर हवी होती, कारण तशी ती दिसायला बरी दिसते. पण हुकावर भार कमी पडला की ट्रेलर उतारावर लचके देऊ लागतो, आणि भार फार झाला की गाडीचे नाक उचलून पुढच्या चाकांची पकड सुटते. हूक सुटलाच तर ट्रेलर मोकळा धावू नये म्हणून दोन साखळ्या फुलीसारख्या लावल्या. एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती: अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट वागते. पाणी आत हिंदकळते आणि प्रत्येक वळणावर ट्रेलरला उलट बाजूला ढकलते. त्यामुळे टाकी काठोकाठ भरायची किंवा रिकामीच न्यायची, आणि सड्यावर पोहोचल्यावर सगळी एकाच दमात मोकळी करायची, असा नियम केला आहे. मोटार वाहन कायद्याच्या ६१व्या कलमाप्रमाणे ट्रेलरलाही गाडीसारखीच नोंदणी लागते. म्हणून आमचा ट्रेलर आमच्या आवाराबाहेर जात नाही; आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवायची वेळ येईल तेव्हा टेम्पो भाड्याने सांगायचा.

पहिल्या उन्हाळ्यात दिवसाला चार फेऱ्या झाल्या. लोच्या पहिल्या गिअरमध्ये थार इतकी सावकाश चढते की यजमान बाजूने चालत गप्पा मारतात आणि वाटेतला दगड दिसला तर पुढे जाऊन बाजूला करतात. पावसाळ्यात ट्रेलर काढून ठेवला. पऱ्याला पाणी चढले की आधी काठी घेऊन चालत उतरते, गुडघ्याच्या खाली असेल आणि तळ दिसत असेल तरच गाडी घालते. गाडीला चार चाके आहेत म्हणून पाणी वाट सोडत नाही. महिन्यातून एकदा, गरज असो वा नसो, मातीवर फोर बाय फोर टाकून शंभर मीटर चालवायची, असे मिस्त्रीने बजावले आहे.

गेल्या महिन्यात चढावर पुन्हा मागची चाकेच फिरू लागली. दिवा नेहमीप्रमाणे लागलेलाच होता. खाली पाहिले तर नवी नळी शाबूत होती, पण तिच्या शेजारची जुनी चिरलेली होती. खरेदीच्या वेळी मी एकच बदलली होती. मुलुंडच्या फेरीत कुर्ल्याहून दोन्ही नळ्यांचा जोड आणून ठेवला आहे आणि तो डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. पाऊस जरा उघडला की गाडी देवरुखला न्यायची आहे. तोपर्यंत किराणा पऱ्याच्या अलीकडे उतरवून आम्ही डोक्यावरून वर नेतो.